खुलासा: हॅश जुळला म्हणून पानं एक होत नाहीत
केएसएम (कर्नल सेमपेज मर्जिंग) ही लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली, सोय: एका सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकांत) सारखी मेमरी पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, सापडली की ती त्यांची एकच प्रत ठेवते. हॅश म्हणजे पानातल्या डेटावरून काढलेला छोटा आकडा. 'दोन व्हर्च्युअल मशीनच्या मेमरी पानांचा हॅश जुळला की लिनक्सचं केएसएम ती एक करतं. योगायोगाने हॅश सारखा निघाला तर डेटा गेलाच!' हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, आणि ते चूक आहे. २००९ मध्ये २.६.३२ कर्नलमध्ये आलेलं केएसएम चेकसम (असाच एक हॅश) काढतं खरं, पण पान मागच्या फेरीनंतर बदललं का, एवढंच पाहायला. दोन पानं सारखी आहेत का, हे ४ केबीचं अख्खं पान बाइट-बाइट ताडून ठरतं, तेही आधी त्यावरचं लेखन रोखून. पुढे एखाद्या मशीनने लिहिलंच, तर तिला वेगळी प्रत मिळते. खरी काळजी निराळी आहे: ती प्रत काढायला लागणाऱ्या जादा वेळेवरून शेजारच्या मशीनमध्ये तेच पान आहे का, हे ओळखता येतं. अनोळखी ग्राहक एकाच सर्व्हरवर असतील तर केएसएम बंदच ठेवा.