शेकडा पन्नास: करवीरच्या हुकमापासून सुप्रीम कोर्टापर्यंत

मराठा आरक्षणावर कोर्टाचा निकाल आला की कोल्हापुरात बोलणं हटकून शाहू महाराजांवर येतं. महाराजांनी दिलं ते कोर्टानं काढून घेतलं, असा सूर असतो. त्यामागची वेदना खरी आहे, पण इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे.

महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटात छापला गेला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासवर्गीयांतून भरायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागास. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच. मला सर्वांत मोलाची वाटते ती खातेप्रमुखांना घातलेली अट: नेमणुकांचा तपशील दर तीन महिन्यांनी सरकारला कळवायचा. हुकूम पाळला जातो की नाही, याची मोजदाद त्या हुकमातच होती. संस्थानात छत्रपतींचा शब्द हाच कायदा. तो घटनेला धरून आहे का, असं विचारणारं न्यायालय असणं शक्यच नव्हतं, कारण घटनाच नव्हती.

१९५० मध्ये ती आली. मूलभूत हक्कांना बाध आणणारा कायदा कलम १३ प्रमाणे टिकत नाही, आणि सरकारविरुद्ध नागरिकाला कलम २२६ खाली उच्च न्यायालयात, कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. पुढच्याच वर्षी चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारचं जातवार जागावाटप रद्द झालं. संसदेनं लगोलग पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घातलं. कोर्टानं अडवायचं आणि संसदेनं वाट काढायची, हा सिलसिला तेव्हापासूनचा.

पन्नास टक्क्यांचा आकडा कोर्टात आला तो म्हैसूरच्या बालाजी खटल्यात. तिथं आरक्षण ६८ टक्क्यांवर गेलं होतं. साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालात सर्वसाधारणपणे ते पन्नासच्या आत असावं, असं म्हटलं गेलं. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं ती मर्यादा पक्की केली. अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा. महाराजांच्या हुकमात पन्नास म्हणजे ‘किमान एवढं तरी’ होतं, इथं ते ‘यापुढे नाही’ झालं.

२०१८ मध्ये कोल्हापूरच्या दसरा चौकात मराठा आरक्षणासाठी ठिय्या बसला. त्या वर्षअखेरीस राज्यानं १६ टक्के मराठा आरक्षणाचा कायदा केला. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१९ मध्ये तो शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणून टिकवला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मात्र तो रद्द केला. मर्यादा ओलांडावी अशी असाधारण परिस्थिती राज्य मागासवर्ग आयोगाच्या, म्हणजे गायकवाड आयोगाच्या अहवालातून सिद्ध होत नाही, असं पाचही न्यायमूर्तींचं मत पडलं. निकाल झोंबला, तरी कोर्टानं मागितला तो आकड्यांचा पुरावा. आकड्यांचा हिशेब महाराजही दर तिमाहीला मागत होते.

मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार मात्र त्याच निकालात तीन विरुद्ध दोन मतांनी गेला. काही महिन्यांतच १०५ वी घटनादुरुस्ती करून संसदेनं तो राज्यांना परत दिला. त्याच्याच बळावर २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, आणि त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान मिळालं.