अडीच इंची की पावणेतीन इंची?

जुनी इंग्लिश दुनळी बंदूक हातात आली की माणूस आधी नक्षी बघतो, मग दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड. बघावं की! पण विकत घ्यायची असेल तर नळ्या उतरवून उलट्या कराव्यात आणि खालच्या सपाट भागावरचे चाचणीचे छाप वाचावेत. सगळा घोळ पाव इंचाचा असतो, आणि तो तिथे कळतो.

अडीच इंची आणि पावणेतीन इंची, दोन्ही बाराबोर, म्हणजे नळीचा व्यास एकच. काडतुसाची पितळी बूडही सारखीच. फरक चेंबरच्या, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं त्या खाचेच्या, लांबीत. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक इंग्लिश शिकारी दुनळ्या अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या. आज दुकानात सहज मिळणारं काडतूस मात्र बहुधा पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं.

आणि ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद बसतं, बंदूकही नीट मिटते! कारण पाकिटावरची लांबी बार उडाल्यानंतरची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड चांदणीसारखं दुमडून बंद केलेलं असतं. पट्टी लावली तर साठ मिलिमीटरच्या आसपासच भरतं. बार उडाला की घड्या उलगडतात आणि जास्तीचे पाच मिलिमीटर चेंबरच्या पुढे, नळी जिथे निमुळती होते तिथे जाऊन अडतात. छर्‍यांना वाट अरुंद होते, दाब चढतो. माझ्या मते त्याहून मोठी भीती काडतुसातल्या बाराची, म्हणजे दारू-छर्‍यांच्या भाराची आहे: ७० च्या काडतुसात तो बहुधा जडच भरलेला असतो. १९५४ च्या ब्रिटिश नियमांनंतर अडीच इंचीवर दर चौरस इंचाला ३ टन दाबाचा छाप पडू लागला, पावणेतीन इंचीवर सव्वातीन टनांचा. उलट बाजूने काळजी नाही. ६५ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये खुशाल चालतं.

१९२५ नंतरच्या इंग्लिश नळ्यांवर चेंबरची लांबी कोरलेली सापडते. त्याआधीच्या नळीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात १२ आणि C एवढंच दिसेल. त्याचा अर्थ फक्त ‘तीन इंचांहून कमी’. मग बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गेज घालून मोजून घ्यायचं.

छाप अडीचचा आणि माप पावणेतीनचं निघालं, तर मधल्या कुणीतरी चेंबर कोरून वाढवलंय. तेवढी भिंत पातळ झाली. असं काम केल्यावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे बंदुका तपासून छाप मारणाऱ्या संस्थेत, पुन्हा चाचणी व्हायला हवी. प्रूफमध्ये न बसणारी बंदूक विकणं ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्याने गुन्हा आहे. नवा छाप नसेल तर कितीही स्वस्त मिळो, मी हात लावणार नाही. आणि मुळात वाढवायचंच कशाला? ६५ ची काडतुसं तिथे अजून बनतात, आणि फेझंट-तितरांना २८ ग्रॅम छर्रे पुरतात.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर रानपाखरांची शिकार बंद झाली, पण आजोबांच्या परवान्यावरची बर्मिंगहॅमची दुनळी एखाद्या वाड्यात असतेच. तिच्यासाठी काडतुसं आणताना, खडकीच्या कारखान्याची असोत की बाहेरची, पाकिटावरचा आकडा आधी वाचा. घरात उडालेल्या काडतुसांची जुनी रिकामी नळकांडी पडली असतील तर त्यांची तोंडंही बघा. कडा पिसासारख्या फाटलेल्या दिसल्या, तर आखूड चेंबरमध्ये लांब काडतूस उडवलं गेलं असावं.