कार्यप्रशिक्षण, इस्लामी अध्ययनातील

इस्लामी अध्ययनाचा पदवी अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याने ठरावीक काळ शरियत न्यायालय, फतवा (धर्मनियमांविषयीच्या प्रश्नावर दिलेले मत) कार्यालय, जकात (मुस्लिमांवर बंधनकारक असलेले धार्मिक दान) संस्था, शाळा, मशीद, इस्लामी बँक किंवा रुग्णालय येथे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून घेतलेले शिक्षण. वैद्यकीय शिक्षणातून आलेला ‘आंतरवासिता’ हा शब्दही मराठीत यासाठी वापरतात. इंडोनेशियात ‘प्राक्तिक पेंगालामान लापांगान’ (क्षेत्रानुभव) आणि मलेशियात ‘लातिहान इंदुस्त्री’ (औद्योगिक प्रशिक्षण) ही नावे रूढ आहेत. त्यांपैकी दुसरे तंत्रशिक्षणातून जसेच्या तसे उचललेले असून येथे फारसे समर्पक नाही.

या पद्धतीचा उगम कोठे शोधावा याविषयी एकमत नाही. पुष्कळसे लेखन इजाजतीपासून सुरुवात करते. एखादा ग्रंथ पुढे शिकवण्याची गुरूने शिष्याला दिलेली परवानगी म्हणजे इजाजत. अध्यापन करण्याचा व फतवा देण्याचा अधिकार देणारी इजाजत हा तिचा वरचा प्रकार. यूरोपीय विद्यापीठांतील डॉक्टर या पदवीचे मूळ याच प्रकारात आहे, असे मत इतिहासकार जॉर्ज मकदिसी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले. इजाजत व्यक्ती देते, संस्था देत नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप असून तो वजनदार आहे. कार्यप्रशिक्षणाच्या इतिहासाला मात्र या वादाचा उपयोग थोडाच. इजाजत ही शिक्षणाच्या शेवटी मिळणारी मान्यता आहे. काम करता करता शिकण्याचा काळ तिच्यातून दिसत नाही.

तो काळ शोधायचा तर मदरशातील मुईद आणि काजीची कचेरी यांकडे पाहावे लागते. मुदर्रिसाने (मदरशातील अध्यापकाने) दिलेला पाठ विद्यार्थ्यांकडून पुन्हा घोटून घेणारा तो मुईद. तो स्वतः अजून शिकत असे आणि शिकवतही असे. अल्-खस्साफ (मृ. ८७४) याच्या काजीच्या आचारावरील ग्रंथात न्यायसभेत विद्वानांना जवळ बसवून त्यांचा सल्ला घेण्याची चर्चा आहे. हे विद्वान शिकाऊ नव्हते. पण काजीशेजारी इतरांनी बसण्याची जागा त्या काळी मान्य होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

सर्वांत जवळचा पूर्वज बहुधा उस्मानी साम्राज्यातील ‘मुलाजमत’ हा होय. सतत हजर राहणे, सोडून न जाणे असा अर्थ असलेल्या अरबी धातूपासून हा शब्द आला आहे. मराठी दफ्तरांतील ‘मुलाजमत’ (वरिष्ठाची भेट घेणे) त्याच कुळातली. उस्मानी व्यवस्थेत मदरशाचे शिक्षण संपवलेल्या उमेदवाराचे नाव एखाद्या वरिष्ठ आलिमाच्या (धर्मपंडिताच्या) शिफारशीने काजीअस्करच्या (साम्राज्यातील मुख्य न्यायाधिकाऱ्याच्या) नोंदवहीत चढे, आणि काजी किंवा मुदर्रिस म्हणून नेमणूक होईपर्यंत तो मुलाजिम राही. नाव चढण्याचे मार्ग अनेक होते. वरिष्ठ आलिमांना पाळीपाळीने ठरावीक उमेदवार सुचवता येत. मुईद म्हणून, मोठ्या काजीचा टिपणनवीस म्हणून किंवा फतवा कार्यालयात सेवा केलेल्यांनाही हा हक्क मिळे. प्रशिक्षण म्हणावे असे खरे तर या सेवेच्या मार्गातच आहे. उरलेल्या मार्गांत केवळ रांग आहे.

ही पद्धत कायदेपंडित अबुस्सुऊद एफेंदी रूमेलीचा (साम्राज्याच्या यूरोपातील भागाचा) काजीअस्कर असताना (१५३७–४५) सुरू झाली, असे जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. हे विधान मुख्यतः अताई (१५८३–१६३५) या चरित्रकाराच्या वृत्तांतावर उभे आहे. उमेदवारांची उपेक्षा होते अशा तक्रारी सुलतान सुलेमानपर्यंत गेल्या आणि त्याने अबुस्सुऊदला व्यवस्था लावण्यास सांगितले, असा तो वृत्तांत. पण तक्रार झाली त्याअर्थी प्रथा आधीपासून असणार. ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस रुळली असावी आणि अबुस्सुऊदने तिला नोंदवहीची व ठरावीक पाळीची शिस्त लावली, असे मानणे अधिक सुरक्षित. पुढे एका नेमणुकीनंतर दुसरीची वाट पाहणाऱ्या काजीच्या काळालाही मुलाजमतच म्हणू लागले. त्यामुळे नंतरच्या कागदपत्रांत हा शब्द आला की तेथे शिकणे चालले आहे असे गृहीत धरू नये.

फतवालेखनाची परंपरा याहून स्पष्ट आहे. दमास्कसचा हनफी (सुन्नी कायद्यातील एका पंथाचा) पंडित इब्न आबिदीन (मृ. १८३६) याने मुफ्तीच्या (फतवा देणाऱ्या विद्वानाच्या) नियमांविषयी लिहिताना एक जुने वचन उद्‌धृत केले आहे: आपल्या पंथाचे सर्व ग्रंथ एखाद्याने पाठ केले, तरी फतव्यासाठी त्याला कोणाचे तरी शिष्यत्व पत्करावेच लागते. ग्रंथातला नियम आणि समोरच्या माणसाचा प्रश्न यांच्यामध्ये त्या काळाची रूढी असते आणि ती केवळ पाठांतराने कळत नाही, हा त्यामागचा विचार. देवबंदच्या दारुल उलूमसह (स्थापना १८६६) दक्षिण आशियातील अनेक मदरशांत मुख्य अभ्यासक्रमानंतर ‘तमरीन-ए-इफ्ता’ म्हणजे फतवालेखनाचा सराव असतो. विद्यार्थी आलेल्या प्रश्नाला उत्तराचा मसुदा लिहितो आणि मुफ्ती तो दुरुस्त करतात. मसुदा विद्यार्थ्याचा असला, तरी सही आणि जबाबदारी मुफ्तीची राहते.

एकोणिसाव्या शतकात राज्यांनी स्वतःच्या प्रशिक्षणसंस्था काढल्या. इस्तंबूलमध्ये शरियत न्यायाधीशांसाठी ‘मुअल्लिमखाना-इ नुव्वाब’ (१८५४), कैरोत शिक्षकांसाठी दारुल उलूम (१८७२) आणि काजींसाठी स्वतंत्र विद्यालय (१९०७) निघाले. तुर्कस्तानात १९२४ मध्ये मदरसे बंद झाले, विद्यापीठातील धर्मविद्याशाखाही १९३३ मध्ये बंद पडली आणि अंकारा विद्यापीठात ती १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आजच्या अर्थाचे पदवीस्तरीय कार्यप्रशिक्षण आग्नेय आशियात सर्वाधिक विकसित झाले. इंडोनेशियात १९५१ मध्ये योग्यकार्ता येथे सरकारी इस्लामी उच्चशिक्षण संस्था निघाली. १९६० मध्ये जकार्ताच्या संस्थेशी तिचे विलीनीकरण होऊन ‘आयएआयएन’ (सरकारी इस्लामी धर्मशिक्षण संस्था) ही संस्था झाली. २००२ पासून अशा संस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळू लागला. धार्मिक न्यायालयांविषयीच्या १९८९ च्या कायदा क्र. ७ ने न्यायाधीशपदासाठी शरियतची पदवी किंवा इस्लामी कायद्याच्या ज्ञानासह विधी पदवी आवश्यक केली. त्यामुळे शरियत शाखेच्या विद्यार्थ्याला न्यायालयातील प्रशिक्षण हे सरळ व्यवसायाचे दार झाले. तो दाव्याची नोंद, समन्स, सुनावणीचे टिपण ही कामे पाहतो आणि महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरवतो. मात्र त्याच कायद्यानुसार घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड होते आणि अशा न्यायालयांत घटस्फोटाचीच प्रकरणे फार. विद्यार्थ्याने आत बसावे की नाही, हा म्हणून शिष्टाचाराचा नव्हे, पक्षकारांच्या हक्काचा प्रश्न आहे. निकाल लागलेल्या प्रकरणांच्या फायली नावे झाकून वाचायला देणे, हा त्यावरचा योग्य उपाय म्हणावा लागेल.

मलेशियात धर्म हा राज्यांचा विषय असल्याने शरियत न्यायालये, जकात व मशिदी त्या त्या राज्याच्या अखत्यारीत येतात. संघीय पातळीवर ‘जाकिम’ (१९९७) हा इस्लामी विकासविभाग आहे. याशिवाय ताबुंग हाजी (१९६३) ही हजनिधी संस्था व बँक इस्लाम (१९८३) यांच्यामुळे प्रशिक्षणाची क्षेत्रे वित्त आणि हलाल प्रमाणन यांपर्यंत पसरली. जकात कार्यालयातील विद्यार्थी अर्जदार आठ लाभार्थी वर्गांपैकी कशात बसतो हे तपासायला शिकतो. विद्यापीठाचा मार्गदर्शक व संस्थेतील अधिकारी अशी दुहेरी देखरेख आणि रोजची नोंदवही ही सर्वसाधारण चौकट. मशिदीत धर्मशिक्षण देण्यासाठी राज्याचा ‘तौलियाह’ हा परवाना लागतो. तो नसताना शिकवणे राज्यांच्या कायद्यांनुसार गुन्हा आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला तेथे स्वतंत्रपणे प्रवचन देता येत नाही. जुन्या इजाजतीतला परवानगीचा धागा येथे राज्याच्या हाती गेलेला दिसतो.

इंडोनेशियाच्या धार्मिक न्यायालयांत स्त्रिया दीर्घकाळ न्यायाधीश आहेत. मलेशियात शरियत न्यायाधीश म्हणून स्त्रियांच्या नेमणुका २०१० मध्ये झाल्या. विद्यार्थिनींच्या न्यायालयीन प्रशिक्षणाला त्यामुळे पुढची वाट मिळाली.

जर्मनीत विज्ञान परिषद या सरकारच्या सल्लागार मंडळाच्या २०१० च्या शिफारशीनंतर ट्यूबिंगेन, म्युन्स्टर, ओस्नाब्र्युक आदी विद्यापीठांत इस्लामी धर्मविद्येची केंद्रे निघाली. तेथे प्रशिक्षण मुख्यतः शाळा व समाजसंस्थांत होते. इमामाचे व्यावहारिक शिक्षण पदवीनंतर स्वतंत्रपणे घ्यावे लागते. रुग्णालयातील धर्मसेवा (रुग्णांना आध्यात्मिक आधार देणे) शिकण्याची पद्धत अँटन बॉइझन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथे ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या प्रशिक्षणातून आली. रुग्णाशी झालेले बोलणे विद्यार्थ्याने आठवणीतून लिहून काढायचे आणि मार्गदर्शकासमोर तपासायचे, हे तिचे मुख्य साधन मुस्लिम प्रशिक्षणार्थींनीही स्वीकारले आहे.