बारीक माणसाला डायबेटिस का होतो?

कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतो, काटकुळ्या हातापायांचं, डोळे खोल गेलेलं मूल आठवतं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज आली की अंगणवाडीच्या भाषेत ते ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित ठरतं. अशा मुलाची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते की साधे जुलाबही जिवावर बेततात. त्याच्यासाठी यंत्रणा धावते आणि धावायलाच हवी. पण कुपोषणाची झळ बसूनही जगणारी, शाळा शिकणारी, पुढे पुण्या-मुंबईत नोकरीला लागणारी मुलं संख्येने कितीतरी जास्त आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. या मुलांचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

पुण्यात ते विचारलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. गर्भारपणाच्या आधीपासूनच बायकांची नोंद ठेवायची आणि मग त्यांच्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहायचं, असा हा चिकाटीचा उद्योग. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळं ३.५ किलोची.

इथवर नवल काही नाही. नवल निघालं टेप आणि चरबी मोजायचा चिमटा लावल्यावर. पुण्याच्या बाळांच्या दंडाचा आणि पोटाचा घेर फारच कमी होता, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. खांद्याच्या हाडाखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. पावणेतीन किलोचं बाळ, दिसायला किडकिडीत, पण आत चरबीचं प्रमाण जास्त! शास्त्रज्ञ अशा बाळाला ‘थिन-फॅट’ म्हणतात.

घरात पैसा तुटपुंजा असला की आधी धान्य भरलं जातं, घराची डागडुजी लांबणीवर पडते. गर्भाचंही तसंच. आईकडून पोषण कमी आलं की जे येतं त्यावर पहिला हक्क मेंदूचा, आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं. मूत्रपिंडात रक्त गाळणारे नेफ्रॉन जन्माआधीच तयार होतात, त्यानंतर एकही नवा होत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. ते कमी, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची कुवत बेताची, आणि वर चरबी. पुढे बैठं काम आणि पोटभर गोडधोड मिळू लागलं की ही रचना ताण पेलू शकत नाही.

पण गोडधोडाचीही वाट पाहावी लागत नाही. या गावांतली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातली जवळपास निम्मी कमी वजनाचीच होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर मर्यादेबाहेर होती. डायबेटिस म्हणजे खात्यापित्या घरचा आजार, ही समजूत इथे पार कोलमडते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून वेगळी मान्यता दिली. माझ्या मते याला फारच उशीर झाला.

मग या आयांच्या ताटात कमी काय होतं? बाळाच्या आकाराचा संबंध नुसत्या उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. शेतातली मेहनत, पाण्याच्या खेपा अशी अंगमेहनत जास्त असलेल्या बायकांची बाळं आणखी लहान होती. आहाराच्या चर्चेत ही हंड्यांची गोष्ट कायम निसटते. ताटात किती वाढलं हे मोजायचं आणि ते कुठे खर्च झालं हे सोडून द्यायचं, हा कसला हिशेब?

शिवाय जवळपास दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, भाकरी आणि वरणभातातून नाही. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्वच, फॉलिक ॲसिड हे त्याचं गोळीतलं रूप) भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचं दिसलं. (म्हणून कुणी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या हव्याच. प्रश्न बी-१२ ची जोड नसण्याचा आहे.)

बाळाचे बहुतेक अवयव पहिल्या तीन महिन्यांतच आकार घेतात आणि गर्भारपणाची नोंद अनेकदा त्यानंतर होते. लोहाच्या गोळ्या, पोषण आहार सगळं त्यापुढे. म्हणून २०१२ मध्ये याच गावांत बी-१२ चा प्रयोग सुरू झाला तेव्हा गोळ्या गर्भवतींना दिल्या गेल्या नाहीत. त्या मिळाल्या १९९३ नंतर या अभ्यासात जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या मुलामुलींना, लग्नाच्या कितीतरी आधी.