पिवळ्या कागदाची राख आणि ताप: ताओ मंत्रतंत्रामागची थोडी पार्श्वभूमी

साधारण सतराशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी पुस्तकात एक किस्सा आहे. रुनान भागातल्या एकाने रानात हरणासाठी फास लावला होता, हरीण अडकलं पण मालक यायच्या आत तिकडून जाणाऱ्या कोणीतरी ते सोडवून नेलं आणि अगदीच फुकट नेलं असं वाटू नये म्हणून आपल्याकडचा एक खारवलेला मासा त्या फासात ठेवून दिला. मालक येऊन बघतो तर फासात मासा! कोरड्या रानात मासा आला कुठून, तो एवढा टरकला की घरी न्यायची पण हिंमत होईना. मग गाव जमलं, देऊळ बांधलं, खांब रंगवले, ढोल-घंटा आल्या आणि देवाचं नाव ठेवलं 'बाओ च्युन', आपल्या भाषेत 'मासोबा' म्हणायला हरकत नाही. एकदोघांचं दुखणं आपोआप बरं झालं आणि मासोबा नवसाला पावतो अशी हवा झाली, जाणारे-येणारे थांबून पूजा करायला लागले. सातआठ वर्षांनी तो मासेवाला पुन्हा त्याच वाटेने आला, हे काय चाललंय म्हणून विचारलं, आणि ऐकून म्हणाला, अहो तो माझा मासा, कसला देव! तिथे देवस्थान संपलं.

याला जोडूनच दुसरा किस्सा आहे. झांग झू नावाच्या शेतकऱ्याला नांगरताना आलुबुखाराचं रोप सापडलं, ते त्याने तुतीच्या ढोलीत मातीत खोचलं आणि विसरून परगावी गेला. लोकांना दिसलं काय, तर तुतीच्या झाडावर आलुबुखारा. एकाचे डोळे दुखत होते, तो सावलीत बसला आणि देवा डोळा बरा कर, तुला डुक्कर वाहतो असा नवस बोलला, डोळा बरा झाला (डोळे येतात आणि जातात, त्यात काय). पण बातमी पसरता पसरता ती आंधळ्याला दिसायला लागलं इथपर्यंत गेली आणि झाडाखाली गाड्या-घोड्यांची रांग, दारू-मटणाचा पूर. झांग झू परत आला, म्हणाला हे मीच लावलंय, आणि तोडून टाकलं.

आता हे लिहिणारा माणूस कोणी अंनिसचा कार्यकर्ता नव्हता. गे होंग, २८३ ते ३४३, स्वतः पक्का ताओपंथी, पारा आणि शेंदरासारख्या हिंगुळाच्या भट्ट्या लावून अमर व्हायच्या खटपटीत असलेला. ताओ धर्मातले ताईत, मंत्राचं पाणी वगैरेंवर बोलताना आपण सहज धरून चालतो की तिकडे सगळे भोळे होते आणि शंका घ्यायला गोऱ्या साहेबाने शिकवलं, ते साफ चूक आहे. शंका आतूनच आणि फार आधीपासून होती, कधीकधी तर ताईत लिहिणाऱ्याच माणसाच्या डोक्यात होती.

थोडं मागे जाऊ. लाओत्से या प्राचीन चिनी विचारवंताचं तत्त्वज्ञान वेगळं आणि पुजारी, देवळं, विधी असलेला ताओ धर्म वेगळा. दुसरा जो आहे तो बऱ्याच अंशी आजारपणातूनच उभा राहिला. १४२ साली सिच्वानमधल्या हमिंग डोंगरावर झांग दाओलिंगला देवरूप लाओत्सेने दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे, तिथून 'स्वर्गीय गुरूंचा' पंथ सुरू झाला, लोक त्याला 'पाच मापं तांदूळवाले' म्हणायचे कारण दीक्षेची फी तेवढी होती. नातू झांग लू याने तर हानझोंगमध्ये जवळजवळ स्वतंत्र राज्यच चालवलं, २१५ साली त्साओ त्साओ या सेनापतीपुढे शरण जाईपर्यंत. तिथला नियम असा की आजार म्हणजे पापाचं फळ, त्यामुळे आजारी माणसाने शांत खोलीत बसून काय काय चुकलं ते आठवायचं, मग त्याची कबुली तीन प्रतींत लिहायची: एक डोंगरावर ठेवायची आकाशासाठी, एक पुरायची जमिनीसाठी, एक बुडवायची पाण्यासाठी. ट्रिप्लिकेटमध्ये अर्ज! किरकोळ गुन्हा असेल तर शंभर पावलं रस्ता दुरुस्त करा, पाप माफ. वाटसरूंसाठी धर्मशाळेत फुकट तांदूळ आणि मांस ठेवलेलं असायचं, पोटापुरतं घ्यायचं, जास्त घेतलं तर भुतं आजारी पाडतील. सीसीटीव्हीपेक्षा स्वस्त काम.

त्याच काळात पूर्वेकडे झांग जुए नावाचा दुसरा एक बुवा होता. आणि काळ कसला, तर १७१, १७३, १७९, १८२, १८५ अशा एकामागून एक साथींची नोंद हान राजवटीच्या इतिहासात आहे. हा नऊ पेरांची काठी घेऊन रोग्याला डोकं टेकवायला लावायचा, पापं आठवायला लावायचा आणि ताईताचं पाणी प्यायला द्यायचा. लाखो लोक मागे लागले, १८४ साली डोक्याला पिवळी फडकी बांधून बंड झालं. यावर जुन्या इतिहासकाराने एक वाक्य लिहून ठेवलंय ते मला सगळ्यात भारी वाटतं, की रोगी बरा झाला तर म्हणायचे याची श्रद्धा होती, नाही झाला तर म्हणायचे याची श्रद्धा नव्हती. बस. पूर्ण फॉर्म्युला एका ओळीत उघडा केला, म्हणजे बुवाची केस कधी हरणारच नाही. झांग जुए स्वतः त्याच वर्षी, बंड चालू असतानाच, आजाराने मेला.

ते ताईताचं पाणी म्हणजे काय ते नीट सांगतो. पिवळा कागद, त्यावर हिंगुळाच्या लाल शाईने वेड्यावाकड्या, अक्षरांसारख्या पण वाचता न येणाऱ्या रेघा, हा झाला 'फू'. दारावर लावा, अंगावर बाळगा, किंवा जाळून राख पाण्यात ढवळून प्या. (हिंगुळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, म्हणजे पोटात काय जातंय बघा.) मंत्राच्या शेवटी ठरलेली ओळ असते, जिचा अर्थ साधारण 'तातडीने, कायद्याप्रमाणे अंमल करावा'. ही देवाची भाषा नव्हेच, ही हान काळातल्या सरकारी कागदांची भाषा. कारण वर स्वर्गात पण ऑफिसच आहे, डिपार्टमेंटं आहेत, साथ पाठवणारे अधिकारी आहेत, आणि पुजारी म्हणजे त्या ऑफिसात ओळख असलेला माणूस. एवढं कळलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

शंकेखोरांची रांग पण तेवढीच जुनी आहे. इसवीसनापूर्वी शंभरच्या आसपास सिमा छियानने लिहिलेल्या इतिहासात बियान च्युए या वैद्याच्या चरित्रात कुठले सहा रोगी बरे होत नाहीत ते दिलंय, त्यातला सहावा म्हणजे जो मांत्रिकावर विश्वास ठेवतो आणि वैद्यावर ठेवत नाही. पहिल्या शतकात वांग चोंगने सरळ लिहिलं की भूत म्हणजे मेलेल्याचा आत्मा वगैरे नाही, माणूस आजारी पडतो, घाबरतो, आणि घाबरला की त्याला भुतं दिसतात. म्हणजे भुतामुळे आजार नाही, आजारामुळे भूत! झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर चीडच आहे. त्याच्या कुळात दोनशेच्या वर माणसं, दहा वर्षांच्या आत दोन तृतीयांश गेली, आणि लोक धडधाकट असताना वैद्यकाकडे बघत नाहीत मग अंगावर आलं की मांत्रिकाच्या तोंडाकडे बघत बसतात असं तो म्हणतो.

आणि मग २१७ ची साथ. त्साओ त्साओचा मुलगा त्साओ झी, कवी माणूस, त्याने यावर छोटासा लेख लिहिला. घरोघरी प्रेतं, खोलीखोलीत रडारड, अख्खी कुटुंबं बंद दारामागे संपली. लोक म्हणतात हे भुतांचं काम. पण त्याने बघितलं काय, तर मेले ते जाडंभरडं नेसणारे, चिपाडं-गवताच्या झोपड्यांत राहणारे, वाड्यात राहून तीनतीन ताटं जेवणाऱ्यांत मरणारे फारच थोडे. मग भूत काय पत्ता बघून येतं का, असं तो विचारत नाही पण रोख तोच आहे. त्याच्या मते ऋतू बिघडले, थंडी-उष्णता उलटसुलट झाली म्हणून साथ आली, आणि अडाणी लोक ताईत टांगून ती थोपवायला बघतात हे हसण्यासारखं आहे. त्याने दिलेलं कारणही चुकलेलंच होतं, पण निरीक्षण बरोबर होतं, गरीब जास्त मरतात हे. ते 'हसण्यासारखं' मात्र मला खटकतं. झोपडीतल्या माणसाकडे ताईताशिवाय दुसरं होतं काय टांगायला? शिवाय त्याच साथीत दरबारातले नामवंत कवी पण गेले, शू गान, चेन लिन, यिंग यांग, लिऊ झेन, सगळे त्साओ झी आणि त्याच्या भावाच्या उठण्याबसण्यातले.

आता परत गे होंगकडे. पुस्तकाच्या ज्या प्रकरणात मासोबा आहे त्यातच तो ली क्वान नावाच्या बुवाची गोष्ट सांगतो. मंत्राच्या पाण्याने रोग बरे करणारा, दारात ही गर्दी. मग त्या भागात मोठी साथ आली, अर्ध्याहून जास्त लोक मेले, आणि बुवांनाही ताप भरला. उपास-ध्यानासाठी कुटीत जातो असं सांगून आत गेले ते तिथेच मेले. शिष्य म्हणाले छे, मेले कुठे, देह टाकून सिद्ध झाले! शिवाय गे होंगचा एक राग निव्वळ हिशोबाचा आहे, लोक आजारपणात बळी देऊन देऊन घर धुऊन काढतात, धान्य-कापड मांत्रिकाच्या घशात जातं आणि शेवटी माणूस मेला की तिरडीच्या सामानाला सुद्धा पैसे उरत नाहीत.

पण हाच गे होंग त्याच पुस्तकात पुढे सांगतो की साथीच्या गावात जायचं असेल तर आपल्या काळीज, फुफ्फुस वगैरे पाच अवयवांतून पाच रंगांची वाफ निघून अंगाभोवती ढगासारखी गुंडाळली आहे असं मनात आणा, मग रोग्याच्या अंथरुणात झोपलात तरी काही होणार नाही. ली क्वानच्या पाण्याला हसणारा माणूस हे पूर्ण सिरियसली लिहितो. दुसऱ्याचा देव मासा आणि आपला धूर खरा, असो.

त्याचं आणखी एक पुस्तक आहे, बाहीत ठेवून फिरता येईल असं इमर्जन्सी औषधांचं, मुद्दाम गरिबाला परवडतील आणि बांधावर मिळतील अशा वनस्पतींचं. त्यात हिवतापाच्या प्रकरणात एकामागून एक उपाय दिलेत. एक उपाय म्हणजे ताप यायच्या आधी दक्षिणेकडे डोकं करून झोपा आणि श्वास रोखून तळहात, तळपाय, छाती, कपाळ, जीभ अशा सात ठिकाणी 'भूत' हे अक्षर लिहा. एक म्हणजे कोंबडा कवटाळून धरा आणि त्याला जोरात ओरडायला लावा, हमखास गुण. आणि याच गर्दीत, काहीही खास खूण न करता, एक उपाय असा की मूठभर छिंगहाव (एक वनस्पती) घ्या, पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या.

१९६७ च्या २३ मे ला चीन सरकारने मलेरियाच्या औषधासाठी गुप्त प्रोजेक्ट सुरू केला, ५२३ नाव त्या तारखेवरूनच. त्यात तू यूयू या संशोधिकेच्या टीमने जुने ग्रंथ चाळून शेकडो अर्क तपासले, छिंगहावचा रिझल्ट कधी यायचा कधी नाही, मग त्यांचं लक्ष गे होंगच्या त्या ओळीवर गेलं की हा उकळत नाहीये, पिळतोय. १९७१ मध्ये इथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि उंदरांमधला मलेरिया साफ झाला. तेच आर्टेमिसिनिन, २०१५ चं नोबेल. यावरून 'बघा, प्राचीन ज्ञान' म्हणणाऱ्यांनी कोंबड्याचं काय ते पण सांगावं. पुस्तकाला माहीत नव्हतं यातलं कुठलं खरं, ते उंदरांवर बघावंच लागलं. आणि त्याच वनस्पतीचा २०२० मध्ये परत ताईत झाला, मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिलमध्ये तिचा काढा कोविडवर इलाज म्हणून बाजारात आणला, धड चाचण्या न करताच.

मधली शतकं पटकन उरकतो. तांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) राजवैद्यक खात्यात औषध, सुया, मालिश यांच्या बरोबरीने मंत्रोपचाराचा चक्क वेगळा विभाग होता, पगारी मास्तर आणि विद्यार्थी असलेला. म्हणजे वैद्य एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे अशी भिंत नव्हतीच. पुढे दक्षिण किनाऱ्यावर साथीच्या देवांना, 'राजेसाहेबांना', लाकडी नावेत बसवून, शिधा भरून, समुद्राकडे रवाना करायची किंवा जाळायची प्रथा रुजली. आपल्याकडे मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडतात, तसंच काहीसं.

आणि मग १८९४ चा हाँगकाँगचा प्लेग, जो आपल्या इतिहासात थेट घुसलेला आहे कारण तीच साथ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखली. हाँगकाँगमध्ये अडीच हजारांवर माणसं मेली. ब्रिटिश सोल्जर चिनी वस्तीत घरोघर घुसून रोगी शोधत, चुना फासत, रोगी 'हायजिया' नावाच्या जहाजावर नेत, आणि लोक म्हणत आम्हाला तुंग वाहच्या चिनी इस्पितळातच ठेवा. इंग्रजांनी याला अंधश्रद्धा म्हटलं. पुण्यात १८९७ ला रँडच्या वेळी काय झालं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे परक्या सोल्जरने बायकामाणसांच्या खोलीत शिरणं आणि त्याचा संताप याला नुसती अंधश्रद्धा म्हणणं किती पोकळ आहे ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय जंतू येरसँ आणि किटासाटो यांना जून १८९४ मध्येच दिसला असला तरी पिसवांची भानगड पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवली, म्हणजे हाँगकाँगच्या गल्लीत चुना मारणारा सोल्जर आणि कागद जाळणारा पुजारी, दोघांनाही उंदरावरच्या पिसवेचा पत्ता नव्हता.

२०२० चं सांगायचं तर जानेवारीतच चीनमधल्या ताओ देवळांनी दारं बंद केली, राखेचं पाणी वाटत बसले नाहीत. हाँगकाँगच्या ताय हांग भागात १८८० पासून साथ पळवण्यासाठी अगरबत्त्या खोचलेला गवताचा ड्रॅगन नाचवतात, तो साथ आली म्हणूनच रद्द झाला. तैवानच्या डोंगगांगमध्ये मात्र साथीच्या देवांची ती दर तीन वर्षांची नाव २०२१ ला ठरल्याप्रमाणे किनाऱ्यावर आणून पेटवली. तिथली रीत अशी की नाव पेटली की ढोल बंद, झेंडे गुंडाळायचे आणि गुपचूप घरी निघायचं, आवाज केला तर पाठवलेले पाहुणे मागे फिरतील. त्या वर्षीही लोक तसेच न बोलता परतले, फक्त तोंडाला मास्क होते.