रेसिंग कारचे मागचे ब्रेक : २०१४ च्या नियमाची पार्श्वभूमी

१९५३ मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने फ्रान्समधली ल मॉंची शर्यत जिंकली आणि ड्रम ब्रेकचे दिवस भरले. फॉर्म्युला वनमध्ये कार्बनच्या डिस्क १९७६ ला आल्या. थंड असताना त्यांची पकड कमी असते आणि फार तापल्या की ऑक्सिडेशनने झिजतात. चाक लॉक व्हायला लागलं की आपोआप दाब सोडणाऱ्या एबीएसवर १९९४ पासून बंदी आहे. चाक लॉक होऊ न देणं, म्हणजे फिरायचं थांबून घसरू न देणं, हे पायाचं काम, ही त्यामागची भूमिका.

म्हणूनच मागच्या चाकांना ब्रेक-बाय-वायरची, म्हणजे संगणकाने ब्रेकचा दाब ठरवण्याची, मुभा देणारा २०१४ चा निर्णय अनेकांना खटकला. पण दुसरा मार्ग नव्हता. इंजिनाला जोड देणारी, तोवर ६० किलोवॅटची असलेली इलेक्ट्रिक मोटर त्या वर्षी १२० ची झाली. ब्रेक मारताना ती जनरेटर होऊन मागची चाकं ओढून धरते, आणि हे ओढणं कॉर्नरगणिक बदलतं. फक्त पायाने ते सांभाळता आलं नसतं. आता पुढचा दाब थेट कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) जातो. मागचा दाब सेन्सर मोजतो, संगणक त्यातून मोटरचा वाटा वजा करतो आणि उरलेला दाब संगणकाच्या हुकमाने चालणारा अ‍ॅक्च्युएटर देतो. यंत्रणा बंद पडली तर पेडलचं ऑइल सरळ मागच्या कॅलिपरला मिळतं. याला मागच्या दाराने आलेलं एबीएस म्हणणं चूक आहे. चाक लॉक झालं तरी ही यंत्रणा दाब सोडत नाही. मागच्या चाकांचा ‘फील’ मात्र गेला, ती तक्रार रास्तच.

मोटरच्या भरवशावर मागच्या डिस्क लहान केल्या गेल्या. त्याचा फटका जून २०१४ मध्ये कॅनडात बसला : एकाच संघाच्या दोन्ही गाड्यांची मोटर गेली, मागचे ब्रेक भाजले. एक गाडी बाद झाली. दुसरी गाडी बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली दाबाची वाटणी) पुढे सरकवून दुसऱ्या क्रमांकावर आली. २०२६ च्या नियमांत मोटर ३५० किलोवॅटची आहे.

मुंबईतले विद्यार्थी संघ इलेक्ट्रिक फॉर्म्युला गाड्या बांधू लागल्यापासून हाच पेच इथेही आहे. बॅटरी फुल असली की ती आणखी चार्ज घेत नाही, मग मोटर चाकं ओढून धरू शकत नाही, सगळा भार ब्रेकच्या पॅडवर. त्यामुळे चाचणीत मोटरची वीज तोडून चारही चाकं लॉक करून दाखवावी लागतात. ही दाबाची वाटणी ठरवणारा बायस बार पुढे झुकलेला असेल तर मागची चाकं फिरतच राहतात. इथल्या पावसाळ्यात फोडलेला ब्रेक ऑइलचा डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नये : डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश, ओल धरल्यावर १५५. मग कॅलिपरमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला जातं. ऑइल नवं असूनही पेडल स्पंजी लागलं, तर कॅलिपर उलटा बसलाय का बघावं; ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) खाली राहिला की वरची हवा कितीही पंप मारले तरी निघत नाही.