ताट वेगळं कशाला?

"ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर तिचं ताट-वाटी वेगळं ठेवा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका" हा फॉरवर्ड कधीपासून फिरतोय. लोक काळजीपोटीच पाठवतात, पण तसं नाहीये.

कॅन्सर म्हणजे तिच्याच शरीरातल्या पेशींची बेसुमार वाढ, तो जंतू नाही, त्यामुळे एका ताटात जेवून किंवा मिठी मारून लागत नाही. मग रेडिएशन? ते बहुतेक वेळा बाहेरच्या मशीनमधून देतात, एक्स-रेसारखंच, मशीन बंद की किरण संपले, अंगात काही उरत नाही, घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. खात्री करायचीय तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "बाहेरून देताय ना?"

केमोचं, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांचं, जरा वेगळं. डोसनंतर साधारण 48 तास उलटी-लघवी साफ करताना ग्लोव्हज घालायचे, ते त्यातून येणाऱ्या औषधामुळे, कॅन्सरमुळे नाही. आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून सर्दी-ताप असलेल्यानेच तिच्यापासून लांब राहायचं, म्हणजे इथे जपायचं तिला, आपल्याला नाही! गैरसमज बहुतेक इथेच उलटा झाला असावा.

आमच्या मावशीच्या ताटाला कुणीतरी लाल नेलपॉलिशची खूण केलेली. काकांनी ती घासून काढली आणि त्याच ताटात तिच्यासोबत वरणभात खाल्ला.